शत्रूचा मान : ‘हेल इन द पॅसिफिक’मधील बेट आणि युद्धाचा इतिहास

जॉन बूर्मन या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘हेल इन द पॅसिफिक’ हा चित्रपट १९६८ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. त्यात पात्रे दोनच आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील एका निर्मनुष्य बेटावर अडकलेला जपानी नौदलाचा अधिकारी आणि त्याच बेटावर वाहून आलेला अमेरिकी वैमानिक. पहिली भूमिका तोशिरो मिफुने यांनी व दुसरी ली मार्व्हिन यांनी केली आहे. तिसरा मनुष्य पडद्यावर येत नाही. दोघांना परस्परांची भाषा येत नाही, आणि जपानी संवादांखाली इंग्रजी उपशीर्षके देण्याचे दिग्दर्शकाने टाळले आहे. आधी हे दोघे एकमेकांना मारू पाहतात, मग आळीपाळीने एकमेकांना कैद करतात, शेवटी मिळून तराफा बांधतात व बेट सोडतात. दुसऱ्या एका बेटावर त्यांना उद्ध्वस्त लष्करी तळ सापडतो. तेथे ते दाढी करतात, गणवेश चढवतात, दारू पितात आणि पुन्हा शत्रू होतात.

या कथानकाचा प्रचलित अर्थ मानवतावादी आहे. गणवेश उतरला की माणूस माणसाला ओळखतो, वैर राष्ट्रांचे असते व मैत्री माणसांची, असा हा अर्थ. तो चुकीचा नाही. पण तो इतका सैल आहे की कोणत्याही युद्धविरोधी कलाकृतीला तो लावता येईल. त्याने या कृतीचे वेगळेपण हाती लागत नाही. शिवाय बेटावर या दोघांत जे निर्माण होते त्याला मैत्री म्हणणे घाईचे आहे. ते एकमेकांवर प्रेम करत नाहीत, विश्वासही फारसा टाकत नाहीत. त्यांच्यात निर्माण होते ती एक प्रकारची मर्यादा. शत्रूला शत्रू मानूनच त्याच्याशी काय करायचे नाही, याची ती मर्यादा आहे. तिचा विचार ‘मान’ या संकल्पनेच्या आधारे अधिक नेमका होऊ शकतो, आणि त्यासाठी १९४० च्या दशकातील पॅसिफिक युद्धात मानाचे काय झाले होते हे आधी पाहावे लागते.

मराठीत या एका कल्पनेच्या परिसरात तीन-चार शब्द वावरतात आणि त्यांचे व्यवहार वेगळे आहेत. अब्रू ही आपण राखायची असते आणि दुसरा ती घेऊ शकतो. इभ्रत ही बहुधा घराण्याची, समूहाची असते. ती एकाच्या वर्तनाने सगळ्यांची जाते. मान मात्र द्यायचा असतो. तो मागता येतो, मिळू शकतो, पण त्याचा उगम नेहमी दुसऱ्याच्या कृतीत असतो. आधुनिक राष्ट्राने सैनिकाला शिकवलेला सन्मान हा बव्हंशी अब्रूच्या आणि इभ्रतीच्या जातीचा आहे. त्यात शत्रूला फक्त एक भूमिका असते, ती म्हणजे अब्रू घेणाऱ्याची.

जपानच्या बाबतीत ही प्रक्रिया कागदोपत्री पाहता येते. १८८२ साली सम्राटाच्या नावे काढलेल्या सैनिकांसाठीच्या आज्ञापत्राने निष्ठा हे सैनिकाचे पहिले कर्तव्य ठरवले आणि त्यापुढे मरणाला क्षुल्लक मानले. १९०० साली नितोबे इनाझो यांचे बुशिदोवरील प्रसिद्ध पुस्तक आले. ते मुळात इंग्रजीत लिहिलेले होते व पाश्चात्त्य वाचकासाठी होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. सामुराईंची सनातन नीती म्हणून जे जगाला ठाऊक झाले, त्याचा मोठा भाग मेइजी काळातील विचारवंतांनी व शासनाने घडवला, असे अलीकडच्या इतिहासकारांनी साधार दाखवले आहे. १९४१ च्या जानेवारीत युद्धमंत्री तोजो हिदेकी यांच्या नावे ‘सेन्जिन्कुन’ ही रणभूमीवरील आचारसंहिता निघाली आणि जिवंतपणी कैदेची लाज पत्करू नये, असे तिने सैनिकांना बजावले. कैद्यांविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, मान्यता मात्र दिली नव्हती. आपला सैनिक कैदी होणारच नाही असे गृहीत धरले, की कैद्यांविषयीचा करार एकतर्फी ओझे वाटू लागतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९४३ च्या नोव्हेंबरमध्ये तारावा येथे मजुरांसह सुमारे ४,७०० जणांच्या तुकडीतून केवळ १७ जपानी सैनिक जिवंत पकडले गेले; त्यांच्याखेरीज १२९ कोरियन मजूर. पलाउ द्वीपसमूहातील पेलेल्यू बेटावर १९४४ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात सुमारे ११,००० संरक्षकांपैकी दोनशेच्या आसपास माणसे जिवंत हाती लागली आणि त्यांत मजुरांचाच भरणा होता. हे सगळे आत्मबलिदान नव्हते. शरण येऊ पाहणाऱ्यांना गोळी घालण्याचे प्रकार अमेरिकी बाजूकडूनही घडत होते, आणि तसे होणार हे जपानी सैनिकाला ठाऊक असल्यामुळे त्याचा शरणागतीचा उरलासुरला मोहही संपत होता. जॉन डाउअर यांनी ‘वॉर विदाउट मर्सी’ (१९८६) या ग्रंथात ही परस्परपोषक क्रूरता तपशिलाने मांडली आहे. अमेरिकी वृत्तपत्रांत व व्यंगचित्रांत जपानी मनुष्य माकड झाला होता, कीटक झाला होता. ‘लाइफ’ साप्ताहिकाने २२ मे १९४४ च्या अंकात एक छायाचित्र छापले. एक अमेरिकी तरुणी मेजावर बसून आपल्या प्रियकराला पत्र लिहिते आहे, आणि तिच्यापुढे त्याने युद्धभूमीवरून भेट म्हणून पाठवलेली जपानी सैनिकाची कवटी आहे. हे साप्ताहिक चित्रपटात पुन्हा भेटते.

बूर्मन यांचे दोन्ही नट या इतिहासाच्या बाहेरचे नव्हते. मार्व्हिन मरीन सैनिक म्हणून १९४४ च्या जूनमध्ये साइपानच्या लढाईत जखमी झाले. त्यांच्या कंपनीतील बहुतेक माणसे त्या चढाईत मारली गेली किंवा जखमी झाली. मिफुने यांचा जन्म १९२० साली चीनमधील छिंगताव येथे झाला आणि महायुद्धात ते जपानी सैन्याच्या हवाई दलात छायाचित्रणाच्या कामावर होते. चरित्राने कलाकृतीचा अर्थ ठरत नाही हे खरे. तरीही पडद्यावर या दोन देहांना परस्परांची जी सावध जाणीव आहे, ती केवळ अभिनयकौशल्याची वाटत नाही. बूर्मन यांचे स्वतःचे युद्ध लंडनवरील बॉम्बवर्षावातल्या मुलाचे होते. त्यांनी ते पुढे १९८७ च्या ‘होप अँड ग्लोरी’त रंगवले.

चित्रपटातील पहिल्या सामन्याची रचना लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. दोघे समोरासमोर येतात आणि प्रत्यक्ष काही घडण्याआधी प्रत्येकाच्या मनात जे घडते ते पडद्यावर येते. आपण याला कसे मारू, हा आपल्याला कसा मारील, हे तुकड्यातुकड्यांनी दिसते. प्रेक्षक क्षणभर फसतो. मग कळते की कोणी हललेलेही नाही. राष्ट्राने शिकवलेले सगळे युद्ध अशा रीतीने सुरुवातीलाच कल्पनेत लढून संपवले जाते. पुढे उरते ते पाण्याचे भांडण. जपानी अधिकाऱ्याने पावसाचे पाणी साठवले आहे, वैमानिक तहानेने वेडापिसा झाला आहे. चोरी, हुसकावणी, रानाला आग लावून धूर करणे, झाडावर चढून खालच्या शत्रूच्या अंगावर लघवी करणे, असे हे युद्ध आहे. भरताने रौद्रातून करुणाची उत्पत्ती सांगितली आणि हास्याचे मूळ शृंगारात ठेवले. या चित्रपटाच्या पूर्वार्धात रौद्रातून हास्य निपजते, आणि ते बीभत्साच्या काठाने चालते. मिफुने यांचा चेहरा ‘सेव्हन सामुराय’मुळे (१९५४) जगभर ओळखीचा झाला होता, त्यामुळे प्रेक्षक त्याच्याकडून तलवारीच्या नीतीची अपेक्षा करत येतो. दिसतो तो पाण्याचा साठा जपणारा, आपला संसार नीट मांडलेला, चिडखोर गृहस्थ. सामुराईची प्रतिमा इतक्या खेळकरपणे मोडणारे दिग्दर्शक पाश्चात्त्य सिनेमात थोडेच झाले.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. जपानी न जाणणाऱ्याला मिफुने यांचे बोलणे केवळ स्वर म्हणून ऐकू येते, आणि इंग्रजी न जाणणाऱ्याला मार्व्हिन यांचे. म्हणजे कोणताही एकभाषिक प्रेक्षक तटस्थ राहू शकत नाही. तो आपोआप एका पक्षात ढकलला जातो. इंग्रजी शिकलेला मराठी प्रेक्षकही या बेटावर नकळत अमेरिकेच्या बाजूला उभा असतो, हे त्याने ध्यानात घेण्यासारखे आहे. वासाहतिक शिक्षणाने दिलेले हे पक्षांतर एरवी इतक्या उघडपणे जाणवत नाही. पटकथेने यातून साधलेली गोष्ट अशी की दोघांच्याही तोंडची राष्ट्रीय वाणी, शिव्या, आज्ञा, बढाया, समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘सेन्जिन्कुन’ला किंवा अमेरिकी प्रचाराला उच्चारण्यासाठी भाषा लागते. येथे संज्ञापनासाठी फक्त कृती शिल्लक राहते.

चित्रपटाचे मर्म कैदेच्या दोन प्रसंगांत आहे. पाणी चोरायला आलेला वैमानिक पकडला जातो. अधिकारी त्याचे हात पसरून खांद्यावरच्या जड ओंडक्याला बांधतो आणि त्याला वाळूत येरझारा घालायला लावतो. ही आकृती ख्रिस्ताच्या क्रुसाची आठवण देते आणि जुंपलेल्या बैलाचीही. दिग्दर्शकाने ती कोणत्याही एका अर्थाला बांधून ठेवलेली नाही. पुढे वैमानिक निसटतो, अधिकाऱ्याला पकडतो आणि त्याच बंधनात त्याला उभा करतो. आणखी काही काळाने तो ते बंध स्वतः कापतो. का कापतो याचे स्पष्टीकरण कोणत्याही भाषेत दिलेले नाही. त्यानंतर युद्ध संपते. तह होत नाही, हस्तांदोलन होत नाही.

जपानी सैनिकी संहितेनुसार या अधिकाऱ्याची अब्रू त्या ओंडक्याला बांधले गेल्याच क्षणी संपलेली असायला हवी. जिवंत आणि कैदी, हे दोन्ही एकत्र असणे हीच तर ती लाज. पण चित्रपट त्याला आत्मनाशाचा एकही अभिनय देत नाही. तो चिडतो, अवघडतो, उभा राहतो. समोर ज्याच्यापुढे लाज वाटावी तो समाज नाही, हे एक कारण झाले. रुथ बेनेडिक्ट यांनी ‘द क्रिसँथेमम अँड द सोर्ड’मध्ये (१९४६) जपानला लज्जाप्रधान संस्कृती म्हटले, आणि त्या विवेचनाच्या आधारे कोणी म्हणेल की पाहणारे डोळे नसल्यामुळे लाजही नाही. पण हे स्पष्टीकरण अपुरे आहे. (बेनेडिक्ट यांनी युद्धकाळात सरकारी कामासाठी केलेल्या अभ्यासातून, जपानला न जाता, हे पुस्तक सिद्ध केले, हेही विसरून चालत नाही.) पाहणारे डोळे आहेत, ते शत्रूचे आहेत. आणि त्या शत्रूनेही नुकताच तोच ओंडका वाहिला आहे. लाजेला विषमता लागते. एकाने दुसऱ्याला जे केले तेच दुसऱ्याने पहिल्याला केल्यावर ती विषमता उरत नाही.

मारणाऱ्याच्या बाजूनेही काही बदलते. शत्रूला मारणे ही एका क्षणाची कृती आहे. त्याला कैदेत ठेवणे हा रोजचा उद्योग आहे. त्याच्यावर नजर ठेवायची, तो जगेल इतके पाहायचे. हेगेलच्या १८०७ च्या ग्रंथातील स्वामी-दास प्रकरणाची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण तेथेही दोन जाणिवा मरणापर्यंत झुंजतात आणि एक जण जीव वाचवून दास होतो. परंतु हेगेलकडे श्रम दासाचे असतात आणि त्या श्रमातूनच त्याला आत्मभान येते. बेटावर कैद्याच्या येरझाऱ्यांतून काहीच उत्पन्न होत नाही. श्रमाचा खरा भार कैद करणाऱ्यावर पडतो. ज्याला मारले नाही त्याच्या जिवाची जबाबदारी घ्यावी लागते, आणि ही जबाबदारी प्रेमातून आलेली नाही, सहानुभूतीतूनही नाही. ‘मान’ या शब्दातील ‘देणे’ येथे दिसते. वैमानिक बंध कापतो तेव्हा तो शत्रूला त्याची जागा परत देतो. ती उपकाराच्या अभिनयाने न देता, जवळजवळ वैतागून देतो, हे मार्व्हिन यांच्या अभिनयातील सर्वांत अचूक गमक आहे.

तराफ्याचा भाग तुलनेने सोपा आहे. त्यात हा माझा ओंडका की तुझा, असे मुलांसारखे भांडण आहे. मग बांधणीच्या पद्धतीवरून वाद आहे, आणि अखेर प्रवाळकड्यावर फुटणाऱ्या लाटा ओलांडण्याचा प्रसंग आहे. कॉनरॅड हॉल यांचे छायाचित्रण येथे फार देखणे झाले आहे, कदाचित आवश्यकतेपेक्षा थोडे अधिक.

तीन वर्षे आधी, १९६५ मध्ये, फ्रँक सिनात्रा यांनी ‘नन बट द ब्रेव्ह’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट जपानच्या तोहो संस्थेच्या सहकार्याने काढला होता. तेथेही पॅसिफिकमधील बेट आहे, दोन शत्रू तुकड्या आहेत, पाणी आहे. पण तेथे जपानी अधिकारी स्वतः निवेदन करतो, दोन्ही नायक एकमेकांशी बोलू शकतात, आणि तह शब्दांत ठरतो. वैद्यकीय मदतीच्या बदल्यात पाणी मिळते, आणि कोणत्याही पक्षाची सुटका शक्य झाली की वैर पुन्हा सुरू होणार असते. अमेरिकी पक्षाचा बाह्य जगाशी संपर्क होतो, दोन्ही बाजू आपला शब्द पाळतात आणि जवळजवळ सगळे मरतात. सन्मानाची ही शोकांतिका काटेकोर आहे. शब्द दिला म्हणजे तो पाळायचा, आणि दिलेल्या शब्दात हत्येची तारीखही असते. बूर्मन यांच्या बेटावर शब्दच नसल्यामुळे कोणी कोणाला वचन देऊ शकत नाही. येथे मर्यादा रोज नव्याने पाळावी लागते. तात्त्विकदृष्ट्या ही मांडणी अधिक धाडसाची आहे, आणि अधिक नाजूकही.

ती किती नाजूक हे दुसऱ्या बेटावर दिसते. तळाजवळ पोहोचल्यावर वैमानिकाला वाटते की तेथे आपले सैनिक असतील व ते जपान्यावर गोळी झाडतील. तो ओरडून सांगतो की मारू नका, हा माझा मित्र आहे. ‘मित्र’ हा शब्द चित्रपटात येथे उच्चारला जातो, आणि तो शत्रूला उद्देशून नसून स्वकीयांना उद्देशून आहे. तळ रिकामाच असतो. मग वस्तू हाती लागतात. साबण, वस्तरा, कपडे, सिगारेटी, साके आणि ‘लाइफ’चा अंक. अधिकारी पाने उलटतो आणि त्याला आपल्या लोकांची प्रेते दिसतात. इकडे वैमानिक त्याला विचारत राहतो की तुम्ही लोक देवाला का मानत नाही. या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोयच नाही. दूरवर तोफांचे आवाज येत असतात. या प्रसंगात भाषा परत आली आहे, छापील प्रतिमा परत आली आहे, गणवेश परत आला आहे, आणि त्यांच्याबरोबर सन्मान पुन्हा अब्रू होऊन आला आहे. प्रत्येकाला एकाएकी आठवते की समोरच्याने आपल्या समूहाचे काहीतरी घेतले आहे. ‘लाइफ’च्या निवडीमुळे हा प्रसंग रूपकात्मक राहत नाही, कवटीचे छायाचित्र छापणारे साप्ताहिक तेच होते.

शेवट दोन आहेत. बूर्मन यांच्या मनातील शेवटात दोघे एकमेकांपासून दूर चालत जातात. निर्मात्यांनी प्रदर्शनापूर्वी तो बदलला, आणि भांडण टिपेला पोहोचत असतानाच बॉम्बगोळ्याचा स्फोट होऊन सारे नाहीसे होते असे दाखवले. मूळ शेवट नंतर डीव्हीडीवर उपलब्ध झाला. स्फोटाचा शेवट वाईट आहे तो आकस्मिक म्हणून नव्हे. युद्धात मरण आकस्मिकच येते. तो वाईट आहे कारण तो दोघांनाही निर्णयातून मुक्त करतो. मर्यादा मोडली की राहिली, हा प्रश्न तो प्रेक्षकासमोरून उचलून नेतो. दूर चालत जाण्याच्या शेवटात समेट नाही, पण वस्तरे आणि बाटल्या हाताशी असताना दोघांपैकी एकानेही दुसऱ्यावर हात टाकलेला नाही, एवढे उरते. १९६८ साली व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण होऊन गेले होते, माय लाय घडून गेले होते. त्यातील दुसरे अमेरिकी जनतेला अजून कळायचे होते. त्या वर्षीच्या अमेरिकी व्यवसायाला एवढाही शिल्लक मान सोसला नाही.

या मांडणीवर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो, आणि तो चित्रीकरणाच्या स्थळापासून सुरू होतो. हा चित्रपट पलाउच्या रॉक आयलंड्समध्ये चित्रित झाला. पेलेल्यू त्याच द्वीपसमूहात, दक्षिणेला आहे. तेथील गुहांत लपलेले सुमारे ३४ जपानी सैनिक लेफ्टनंट यामागुची यांच्या नेतृत्वाखाली १९४७ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे युद्ध संपून दीड वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, शरण आले. म्हणजे बेटावर युद्धाबाहेर राहून युद्ध चालू ठेवणारी माणसे ही कल्पनेची निर्मिती नव्हती. पण पलाउ निर्मनुष्यही नव्हते. १९१४ साली जपानने ते जर्मनीकडून घेतले. १९२२ पासून कोरोर ही जपानच्या दक्षिण समुद्रातील मांडेट प्रदेशाची राजधानी होती. पेलेल्यूच्या रहिवाशांना लढाईपूर्वी बेटावरून हलवण्यात आले. चित्रीकरणाच्या वेळी पलाउ अमेरिकेच्या प्रशासनाखालील विश्वस्त प्रदेश होता. स्वतंत्र झाला तो १९९४ साली. कॅमेऱ्याच्या चौकटीत दोन साम्राज्यांचे दोन प्रतिनिधी आहेत आणि ज्यांची ही बेटे, ते चौकटीबाहेर आहेत. शत्रूने शत्रूला मान देण्याचा हा निर्मळ प्रयोग शक्य होतो तो तिसऱ्याला वगळून. पाणी कोणाचे, लाकूड कोणाचे, या भांडणात मूळ मालकाचा प्रश्नच उद्भवू नये अशी रचना आधीच केलेली आहे. रॉबिन्सन क्रूसोपासून बेटकथेची ही सोय चालत आली आहे, पण तेथे निदान वाळूत एक अनोळखी पाऊल उमटते.

तिसरा उपस्थित असला की काय होते याचे उदाहरण ओनोदा हिरू यांचे आहे. फिलिपीन्समधील लुबांग बेटावर हा जपानी अधिकारी १९७४ पर्यंत लढत राहिला, कारण त्याला शरण न येण्याची आज्ञा होती आणि ती मागे घेणारा वरिष्ठ तेथे पोहोचला नव्हता. १९७४ च्या मार्चमध्ये त्याचे जुने वरिष्ठ मेजर तानिगुची यांनी बेटावर येऊन आज्ञा रद्द केली तेव्हाच त्याने शस्त्र खाली ठेवले. जपानमध्ये त्याचे स्वागत निष्ठेचा पुतळा म्हणून झाले. आर्थर हरारी यांनी २०२१ साली त्याच्यावर केलेला दीर्घ चित्रपट ही निष्ठा एकाकीपणाच्या बाजूने पाहतो, आणि बेटावरच्या शेतकऱ्यांना तो चौकटीत येऊ देतो, हे त्याचे श्रेय आहे. ओनोदा आणि त्याचे साथीदार यांच्या हातून त्या वर्षांत सुमारे तीस बेटवासी मारले गेले. ओनोदाने आपली तलवार राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या हाती दिली, मार्कोस यांनी ती परत केली आणि त्याला माफी दिली. १९९६ साली तो लुबांगला पुन्हा गेला आणि तेथील शाळेसाठी दहा हजार डॉलर देऊन आला.